लग्नाची डीव्हीडी आणि पन्नास-साठचं भांडण

२००४ साली रेवदंड्याला आमच्या घरचं लग्न झालं. हळद दळताना आजीनं जात्यावर ओव्या म्हटल्या, त्या फक्त व्हिडिओवाल्याच्या डीव्हीडीत राहिल्या. भाचीनं ती न्यू जर्सीला नेली, तर तिथला प्लेअर ती घेईचना. तिनं पाठवलेली बारशाची डीव्हीडी मात्र आमच्याकडे बिनतक्रार चालली! आम्ही व्हिडिओवाल्याला उगाच बोल लावला. हे भांडण त्याच्या जन्माआधीचं.

अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, युरोपातली आणि आपली ५०. टीव्हीचं चित्र विजेच्या तालाशी जुळलं नाही, तर जुन्या संचांच्या पडद्यावर आडवे पट्टे सरकत. म्हणून अमेरिकेनं १९४१ मध्ये सेकंदाला ३० चित्रं आणि ५२५ रेषा ठरवल्या. १९५३ मध्ये तिथं रंग मंजूर झाले. ही एनटीएससी पद्धत. तिच्यात वाटेत रंग बिघडला, की माणसं हिरवट दिसत. जर्मनीत टेलिफुंकेन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी रंगसंकेताचा एक भाग दर दुसऱ्या रेषेत उलटवला, त्यामुळे चूक परस्पर कापली गेली. ही पाल पद्धत, भिंतीवरची नव्हे! सेकंदाला २५ चित्रं, ६२५ रेषा. १९६७ पासून ती ब्रिटन-जर्मनीत सुरू झाली. फ्रान्सनं सेकाम नावाची वेगळी चूल मांडली. भारतात १९८२ मध्ये रंग आले, ते पालचे.

रायगडच्या किनाऱ्यावर हे घोळ पाहुण्यांच्या बॅगांतून आले. मुरूड-श्रीवर्धनची माणसं आखातात. दुबई-कुवेतला पाल, पण सौदीत तेव्हा सेकाम. म्हणून तिकडून येणारे व्हीसीआर बहुधा मल्टिसिस्टम असत. अलिबागकडच्या बेने इस्रायली कुटुंबांना ही अडचण नव्हती, इस्रायलमध्येही पालच. आपल्याकडच्या बाजारातले प्लेअर दोन्ही पद्धती वाचत. अमेरिकेत दुसऱ्या पद्धतीची गरजच नव्हती, म्हणून तिथले बरेचसे प्लेअर एकमार्गी.

कपाटात अशी डीव्हीडी असेल तर पाहा. चित्र वर पळतं किंवा काळंपांढरं दिसतं, तर पद्धतीचा घोळ. प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्हीची पद्धत बदला. ‘रीजन’ असा संदेश आला, तर ते सिनेमा कंपन्यांचं कुलूप : भारत ५, आखात २, अमेरिका १. लग्नाच्या डीव्हीडीला ते सहसा नसतं. अडखळत असेल, तर मऊ फडक्यानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको.

भाचीनं अखेर डीव्हीडी कॉम्प्युटरवर लावली. त्याला ना पन्नासचं बंधन, ना साठचं. तिचा फोन आला तेव्हा इकडे रात्रीचे दोन वाजले होते, आणि तिच्या बोलण्यामागे जात्याची घरघर ऐकू येत होती.