चक्कर : खाटेजवळच होणारी पारख

‘चक्कर येते’ एवढ्या दोन शब्दांत रुग्ण अनेक निरनिराळ्या तक्रारी सांगत असतो. कुणाला सभोवतालचे घर गरगरताना दिसते, कुणाच्या डोळ्यांपुढे उठताच अंधारी येते, तर कुणाचा चालताना तोल जातो. म्हणून चक्कर कशाने सुरू होते आणि किती वेळ टिकते, हे आधी विचारावे लागते.

पुणे-नाशिक महामार्गावरील, आंबेगाव तालुक्यातील पेठसारख्या गावात या प्रश्नांचे मोल अधिक आहे. जवळच मंचर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. मेंदूविकारतज्ज्ञासाठी मात्र अनेकदा पुणे गाठावे लागते. कुणावर गावातच उपचार करायचे आणि कुणाला तातडीने हलवायचे, हे ठरविण्यास पुढील तपासण्या मदत करतात. त्यांना यंत्रसामग्री फारशी लागत नाही.

उठताना अंधारी येत असल्यास रुग्णाला पाच मिनिटे झोपवून रक्तदाब मोजतात. उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला तो पुन्हा मोजतात. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर शरीरातील पाण्याची कमतरता, रक्तस्राव किंवा रक्तदाबाच्या गोळ्या यांचा विचार करावा लागतो. रक्तातील साखरही पाहावी.

कूस बदलताना किंवा मान वर करताना काही सेकंद गरगरत असेल, तर ‘डिक्स-हॉलपाइक’ चाचणी करतात. ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. बसलेल्या रुग्णाची मान एका बाजूला ४५ अंश वळवून त्याला झटकन उताणे झोपवतात. डोके खाटेच्या कडेखाली किंचित झुकते ठेवतात. काही सेकंदांनी डोळ्यांची झटकेदार हालचाल सुरू होऊन मिनिटभरात थांबली, तर अंतर्कर्णातील कॅल्शियमचे कण जागचे हलले असल्याचे समजते. डोक्याची स्थिती क्रमाने बदलून हे कण पूर्वस्थानी नेण्याची ‘एप्ले’ पद्धत १९९२ मध्ये मांडली गेली. मानेला इजा असलेल्यांवर ही चाचणी करू नये.

चक्कर तासन्‌तास थांबत नसेल आणि डोळ्यांची हालचाल चालूच असेल, तर ‘हिंट्स’ ही २००९ मध्ये मांडलेली तिहेरी तपासणी उपयोगी पडते. नजर समोर स्थिर ठेवायला सांगून डोके झटकन किंचित वळवतात. नजर सुटली, तर दोष बहुधा कानाचा असतो. न सुटल्यास पक्षाघाताची शंका घ्यावी. ज्या बाजूला पाहावे त्याप्रमाणे डोळ्यांच्या झटक्यांची दिशा बदलणे आणि एक डोळा झाकून उघडताच तो वर-खाली सरकणे, हीदेखील धोक्याची चिन्हे होत. पहिल्या दोन दिवसांत एमआरआयलाही असा पक्षाघात हुलकावणी देऊ शकतो. मात्र ही तपासणी प्रशिक्षित हातांनीच व्हावी. चक्कर थांबलेल्या रुग्णात तिचा निष्कर्ष फसवा ठरतो.

चक्कर आली की मानेचा एक्स-रे काढून मणक्यांच्या झिजेला दोष देण्याची प्रथा रूढ आहे. उतारवयात अशी झीज बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते. त्यामुळे तेवढ्यावरून चक्करेचे कारण ठरत नाही.

चक्करेबरोबर बोबडी वळणे, एकाऐवजी दोन वस्तू दिसणे, हातापायांतील बळ जाणे, असह्य डोकेदुखी किंवा आधाराशिवाय उभेही न राहता येणे यांपैकी काहीही आढळल्यास घरी वाट पाहू नये. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्रास नेमका केव्हा सुरू झाला, ती वेळ डॉक्टरांना सांगावी.