बालोद्यानावरील बंदी

लहान मुलास प्रथम कोणत्या शाळेत घालावे, जेथे देवाचे नाव घेऊन दिवस सुरू होतो तेथे, की जेथे धर्माचा उच्चार होत नाही तेथे, हा प्रश्न आईबापांना पडतो तेव्हा तो केवळ घरातला प्रश्न वाटतो. परंतु युरोपातील एका बलाढ्य सरकारने एकदा तो आपल्या हाती घेतला, आणि खेळण्याबागडण्याच्या वयातील मुलांच्या शाळा राज्यास धोक्याच्या ठरवून हुकुमाने बंद केल्या. हा हुकूम प्रशियाचा धर्म व शिक्षणखात्याचा मंत्री कार्ल फॉन राउमर याने ७ ऑगस्ट १८५१ रोजी काढला. ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्याने ही फ्रोबेलच्या समाजवादी योजनेचा एक भाग असून मुलांना निरीश्वरवादाकडे नेण्याचा त्यांचा रोख आहे, असा आरोप त्यात होता.

ज्याच्यावर हा आरोप आला तो फ्रीड्रिख फ्रोबेल त्या वेळी एकोणसत्तर वर्षांचा होता. थुरिंगियातील ओबरवाइसबाख गावच्या ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाचा तो मुलगा. तो अवघा नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली. ज्या पुरुषाने पुढे जन्मभर मातेच्या मांडीला पहिली शाळा मानले, त्याला स्वतःला ती मांडी लाभली नव्हती. १८२६ मध्ये त्याने ‘मानवाचे शिक्षण’ हा ग्रंथ लिहिला. सर्व सृष्टीत एकच शाश्वत नियम नांदतो व त्याच्या मुळाशी ईश्वर आहे, या विधानानेच त्याचा आरंभ होतो. अशा माणसास नास्तिक म्हणणे विचित्रच म्हटले पाहिजे.

१८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्याने लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. तेथे पुस्तक नव्हते. लोकरीचे सहा रंगांचे सहा चेंडू हे मुलाच्या हाती येणारे पहिले साधन. त्यानंतर लाकडी गोल, घन आणि त्या दोहोंमधला दुवा म्हणून दंडगोल. पुढे आठ लहान घनांत विभागलेला एक घन. मुलाने तो मोडावा, त्याची खुर्ची करावी, जिना करावा आणि पुन्हा आठांचा एक करून पेटीत ठेवावा. अंगणात प्रत्येक मुलाचा स्वतंत्र वाफा आणि सर्वांचा मिळून एक सामाईक वाफा. एकमेकांचे हात धरून, फेर धरून गाणी म्हणावयाची. फ्रोबेलच्या मते या सर्वांत धर्म होताच. अनेकांतील एकत्व मुलाने हातांनी अनुभविले की त्याचे नाव ते पुढे आपोआप शिकेल, अशी त्याची श्रद्धा होती.

त्याच काळात ऱ्हाइनकाठच्या कायझर्सवर्ट गावी टेओडोर फ्लीडनर नावाचा धर्मोपदेशक निराळ्या तऱ्हेची शिशुशाळा चालवीत होता. तेथील मखमलीचा कारखाना बुडाला होता, गाव गरीब झाले होते. फ्लीडनरने इंग्लंडातील शिशुशाळा पाहिल्या होत्या. त्याने गावातील पोरांसाठी तशी शाळा काढली आणि ती चालविण्यासाठी सेविका व शिक्षिका तयार केल्या. बायबलातील गोष्टी, प्रार्थना, स्तोत्रे व आज्ञाधारकपणा हा तेथला गाभा. रस्त्यावरच्या मुलांना कोणी छप्पर दिले असेल तर ते बहुतेक ठिकाणी अशा धर्मनिष्ठ मंडळींनी दिले, हे त्यांच्या विरोधकांनी सहसा कबूल केले नाही.

या दोन शाळांमधला खरा भेद वेळापत्रकातला नव्हे. चर्चची शिकवण अशी की मूल जन्मतःच पापाचा वारसा घेऊन येते, सबब त्याचा स्वभाव लवकर वळविला पाहिजे. फ्रोबेल म्हणे, मुलात ईश्वरी अंश आहे. माळ्याने रोपाची निगा राखावी तशी त्याची निगा राखा, त्याला आपल्या नियमाने वाढू द्या. पहिल्या मतात तारणारा बाहेरून यावा लागतो, दुसऱ्यात त्याची तातडी उरत नाही. धर्मोपदेशकांना यात धोका दिसला, तो अगदीच निराधार नव्हता.

त्यातच १८४८ ची क्रांती झाली. योहानेस रोंगे या पदच्युत कॅथलिक पाद्र्याच्या अनुयायांनी व इतर स्वतंत्र मंडळ्यांनी चर्चपासून फारकत घेतली होती. त्यांनी आपली मुले कोठे पाठवावी? चर्चच्या शिशुशाळेत पाठविली तर जे घरी सोडले तेच मुलाने तेथे पाठ करून यावे, असा प्रकार. म्हणून त्यांनी बालोद्याने उचलून धरली. १८५० मध्ये हांबुर्गच्या स्त्रियांनी मुलींसाठी एक उच्च विद्यालय काढले. तेथे बालोद्यानाच्या शिक्षिका तयार होत. त्याच्या प्रमुखपदी त्यांनी फ्रोबेलचा पुतण्या कार्ल यास नेमले. कार्लने मुलींची विद्यालये व बालोद्याने यांविषयी एक पुस्तिका लिहिली होती; तिच्यातील मते समाजवादाकडे झुकणारी होती. दुसरा पुतण्या युलियुस हा तर क्रांतीत भाग घेऊन मृत्युदंडापर्यंत पोचला व माफी मिळून वाचला.

राउमरने काकाला पुतण्या समजून हुकूम काढला, ही हकीकत शिक्षणाच्या बहुतेक इतिहासांत सांगितली जाते. ती खोटी नाही. पण ती फार सोयीची आहे. कारण म्हाताऱ्या फ्रोबेलने आपला व पुतण्याचा काही संबंध नाही, असे लिहून कळविले, तरी हुकूम मागे घेतला गेला नाही. नावाची चूक असती तर ती एका पत्राने दुरुस्त झाली असती. सरकारला भीती वाटली ती शाळेत काय शिकवितात याची तितकीशी नव्हे, तर तेथे कोणाची मुले येतात याची.

फ्रोबेल २१ जून १८५२ रोजी, बंदीच्या अंमलातच वारला. बेर्था फॉन मारेनहोल्त्झ-ब्यूलो या सरदारघराण्यातील बाईंनी चिकाटीने खटपट केली, आणि १८६० मध्ये प्रशियाने बंदी उठविली. तोवर परागंदा झालेल्यांनी ती पद्धत परदेशी नेलीच होती. रोंगे पतिपत्नींनी १८५१ मध्ये लंडनमध्ये बालोद्यान काढले. १८५६ मध्ये मार्गारेटे शुर्त्झ यांनी अमेरिकेत वॉटरटाउन येथे आपल्या मुलीसाठी व नात्यातील मुलांसाठी घरातच ते सुरू केले.

त्या अमेरिकेतून हा धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या पद्धतीचे शिक्षण घेतले व त्या धर्तीवर मराठी वाचनमाला लिहावयास घेतली. त्यांच्या संस्थेसाठी बोस्टन येथे १८८७ मध्ये मंडळ स्थापन झाले. दहा वर्षे मदत द्यावयाची व संस्थेत धर्मप्रचार करावयाचा नाही, अशी व्यवस्था ठरली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार होते. बाई स्वतः ख्रिस्ती; त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार मात्र लोटून घेत नसत. मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. कोणावर जुलूम केला नाही, येणाऱ्यास हाकलणारही नाही, ही बाईंची भूमिका. विधवा लेकी-सुना विश्वासाने सोपविणाऱ्या घरांना मात्र ते उघडे दार हाच प्रचार वाटला. अभ्यासक्रमाविषयी कोणाची तक्रार नव्हती. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. १८९८ मध्ये बोस्टनच्या मंडळाची मुदत संपली. त्याच्या जागी आलेल्या नव्या मंडळात धर्माविषयीची ती जुनी अट राहिली नाही.