कळफलक (घरगुती संगणक)

कळफलक हे संगणकाला अक्षरे, अंक आणि आज्ञा पुरविणारे आदान साधन आहे. बोटांचे आघात, घाम आणि धूळ यांमुळे घरगुती संगणकाच्या इतर भागांपेक्षा तो लवकर खराब होतो. बैठ्या संगणकाला तो वेगळा जोडलेला असल्याने सहज बदलता येतो. बदली कळफलक निवडताना किंमत आणि जोडणी यांचा विचार बहुतेक जण करतात. हाताला तो कितपत सोयीचा पडेल, याचा विचार मात्र सहसा दुखू लागल्यावर होतो. मराठी लेखनात कळांचा वापर इंग्रजीहून वेगळ्या रीतीने होतो. त्यामुळे इंग्रजी टंकनाला सुखावह वाटणारा कळफलक मराठीला तितकाच सुखावह ठरेल असे नाही.

पार्श्वभूमी

आजच्या कळफलकावरील रोमन अक्षरांचा ‘क्वर्टी’ क्रम क्रिस्टोफर शोल्स यांच्या टंकलेखन यंत्रातून आला. हे यंत्र रेमिंग्टन कंपनीने 1874 मध्ये बाजारात आणले. भारतात गोदरेज कंपनीने 1955 मध्ये देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र तयार केले. देवनागरी यंत्रांवर अर्धी अक्षरे आणि मात्रा यांना स्वतंत्र कळा असत, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटवावी लागे. कागदावर ती डावीकडे दिसते, म्हणून यंत्रावरही आधी.

संगणकासाठी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ ही रचना पुढे आणली. 1991 मध्ये भारतीय मानक ब्यूरोने तिचा मानकात समावेश केला. इनस्क्रिप्टमध्ये अक्षरे उच्चाराच्या क्रमाने लिहिली जातात. ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. विंडोज 2000 पासून देवनागरीसाठी ही रचना संगणकाच्या प्रणालीतच मिळू लागली.

ही रचना प्रणालीत असते, कळांच्या टोप्यांवर नसते. त्यामुळे कळांवर केवळ रोमन अक्षरे छापलेल्या कोणत्याही कळफलकावर मराठी लिहिता येते, आणि जुन्या यंत्रावर शिकलेल्या व्यक्तीला टंकलेखन यंत्राची रचना निवडून तोच कळफलक वापरता येतो. हाताची सवय बदलायची की रचना, हा निर्णय नवा कळफलक विकत घेण्याआधीचा आहे. पुष्कळदा गैरसोय रचनेची असते आणि बदलला जातो कळफलक.

मराठी लेखनाचा हातावरील भार

इनस्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ, थ, ध, भ ही महाप्राण व्यंजने त्यांच्या अल्पप्राण जोडीदाराच्या कळेवरच, पण शिफ्टसह मिळतात. ण, श, ष, ळ आणि सर्व पूर्ण स्वर यांनाही शिफ्ट लागते. ‘धुळे’ हा शब्द लिहिताना शिफ्टसह ओ, नंतर जी, शिफ्टसह एन आणि शेवटी एस अशा कळा दाबाव्या लागतात. चार अक्षरचिन्हांत शिफ्ट दोनदा येते. ‘आणि’ या तीन चिन्हांच्या शब्दातही ती दोनदाच येते. इंग्रजीत शिफ्ट प्रामुख्याने वाक्यारंभी आणि विशेषनामांपुरती लागते, मराठीत ती जवळजवळ प्रत्येक ओळीत अनेकदा लागते. हे काम करंगळीचे असते.

दुसरा भार उजव्या कडेचा. च, ट, ड आणि त्यांचे महाप्राण, ‘डॉक्टर’ किंवा ‘कॉलेज’मधील ॉ आणि ‘कृषी’मधील ृ ही चिन्हे इंग्रजी विरामचिन्हांच्या कळांवर आहेत. य हे अक्षर तिरप्या रेषेच्या कळेवर, म्हणजे अगदी खालच्या उजव्या कोपऱ्यात आहे. खानदेशातील लेखकांना हे विशेष जाणवण्याजोगे आहे: अहिराणी आणि तावडी बोलींत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो. अहिराणी देवनागरीतच लिहिली जात असल्याने तिला वेगळा कळफलक लागत नाही. फक्त शिफ्टचा थोडा भार कमी होऊन उजव्या करंगळीचा वाढतो.

यावरून निवडीची एक कसोटी मिळते. उजवी शिफ्ट पूर्ण रुंदीची असावी. बाणांच्या कळा दाटीवाटीने बसविण्यासाठी काही आटोपशीर कळफलकांत ती अर्धी केलेली असते. डाव्या हाताने आ, ए, उ लिहिताना हीच शिफ्ट लागते, आणि ती चुकली की शेजारची बाणाची कळ दाबली जाऊन लेखनबिंदू भलतीकडे जातो. एंटरजवळच्या विरामचिन्हांच्या कळाही नेहमीच्या आकाराच्या आणि नेहमीच्या जागी असाव्यात. रोमन लिपीत मराठी टंकून लिप्यंतर करणाऱ्यांना मात्र या बाबी तितक्या महत्त्वाच्या नाहीत.

स्विच आणि स्पर्श

स्वस्त कळफलकांत कळेखाली रबरी घुमट आणि पातळ पटल असते. कळ तळापर्यंत दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही आणि कालांतराने रबर सैल किंवा कडक होते. लॅपटॉपसारख्या चपट्या कळफलकांत कात्रीच्या आकाराची यंत्रणा असते. कळ कमी खाली जाते, मनगट कमी उचलावे लागते. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळेला स्वतंत्र स्विच असतो. प्रचलित स्विचची कळ एकूण सुमारे 4 मिलिमीटर खाली जाते, पण नोंद साधारण निम्म्या अंतरावरच होते, म्हणून सरावाने हलका हात ठेवता येतो. ‘टकटक’ आवाज करणाऱ्या टीव्हीएस गोल्ड मालिकेतील कळफलक भारतीय कार्यालयांत दीर्घकाळ परिचित आहेत. हा आवाज टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांना आवडतो, रात्री त्याच खोलीत झोपणाऱ्यांना सहसा नाही.

मनगट आणि मांडणी

मागचे पाय उघडून कळफलक तिरपा केल्यास मनगट वरच्या बाजूला अधिक वळते. ते मिटलेले ठेवणे हितावह असते. टेबल उंच असेल तर कळफलक बदलण्यापेक्षा खुर्चीची उंची वाढवणे अधिक उपयोगी पडते. उजवीकडील अंकपट्टीमुळे माऊस दूर जातो आणि खांद्यावर ताण येतो. हिशेबाचे काम नसेल तर अंकपट्टी नसलेला कळफलक चालतो. दोन भागांत विभागलेले, मध्ये उंचावलेले कळफलकही मिळतात. मायक्रोसॉफ्टने असा कळफलक 1994 मध्ये आणला होता. त्यांच्या सवयीला वेळ लागतो.

हा वेळ परीक्षार्थींसाठी महाग असतो. महाराष्ट्र शासनातील लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते. धुळे, जळगावसारख्या जिल्ह्यांतील अनेक तरुण संस्थेत शिकून घरी सराव करतात. परीक्षाकेंद्रावर साधा पूर्ण आकाराचा कळफलक मिळण्याचीच शक्यता अधिक असल्याने घरातील बदली कळफलकही कळांच्या अंतराने आणि मांडणीने तसाच असणे सोयीचे. नेहमीचे अंतर, एका कळेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत, सुमारे 19 मिलिमीटर असते.

जोडणी आणि निगा

जुन्या संगणकांत जांभळ्या रंगाची गोल, सहा पिनांची पीएस/2 खाच असते. हिची सुरुवात 1987 मध्ये आयबीएमच्या संगणकांपासून झाली. संगणक चालू असताना ही जोडणी काढू नये. यूएसबी जोडणीला हे बंधन नाही. ब्रिटिश मांडणीचा वापरलेला कळफलक स्वस्तात मिळाला, तर छापलेली काही चिन्हे आणि उमटणारी चिन्हे जुळत नाहीत, कारण भारतात सामान्यतः अमेरिकी मांडणी वापरली जाते. रुपयाचे ₹ हे चिन्ह 2010 मध्ये स्वीकारले गेले. त्यापूर्वीच्या कळफलकावर ते छापलेले नसले, तरी प्रणालीत भारतीय इंग्रजी रचना निवडल्यास उजवी ऑल्ट आणि 4 दाबून ते मिळते.

धुळ्यात उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि खिडकीतून येणारी कोरडी धूळ कळांच्या फटींत बसते. टोप्या काढता येतील असा कळफलक अशा ठिकाणी जास्त टिकतो. मराठी अक्षरांचे चिकटपत्र घामाने सुटतात आणि कडा बोटाला टोचतात. सराव झाल्यावर ते काढून टाकलेले बरे. काम नसताना कळफलकावर कापड टाकून ठेवणे हा जुन्या टंकलेखन यंत्रापासून चालत आलेला उपाय आजही पुरतो.