भेगाळ खडकातील पाणी : गणिती प्रतिमानांचा इतिहास व उल्हास खोरे

अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर (इ. स. १०६०) ज्या काळ्या पाषाणातून घडविले, तोच पाषाण बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतच्या भूमीचा पाया होय. सुमारे ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर आहेत. त्यांतील घन बेसाल्ट जवळजवळ अच्छिद्र असल्यामुळे भूजल मुख्यतः भेगा, थरांमधील सांधे व वरचा मुरूम यांतून वाहते.

या भूमीवर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत सिंधी निर्वासित वसले व १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ व बदलापूर येथे रासायनिक कारखाने उभे राहिले. पुढे २०१५ साली उल्हास व वालधुनी या नद्यांच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने दंडाचा आदेश दिला. नदीचे प्रदूषण डोळ्यांस दिसते. भेगांत शिरलेल्या द्रव्याचा माग मात्र गणितानेच काढावा लागतो.

या गणिताचा आरंभ वाळूपासून झाला. १८५६ साली फ्रान्समधील आंरी दार्सी याने वाळूच्या थरांवरील प्रयोगांतून भूजलप्रवाहाचा नियम मांडला. भेगेचा न्याय निराळा आहे. तीतील प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतो. रुंदी दुप्पट झाली की पाणी आठपट वाहते. साहजिकच मापनातील अल्प चूकही उत्तरात अनेकपट होते. १९६० साली बारेनब्लाट, झेल्तोव्ह व कोचिना या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी भेगा आणि त्यांमधील खडक ही एकमेकांत व्यापलेली दोन माध्यमे कल्पिली. १९६३ साली वॉरेन व रूट यांनी तीच दृष्टी खनिज तेलाच्या साठ्यांना लावली. १९८१ साली टँग, फ्रिंड व सुडिकी यांनी भेगेतील प्रदूषक लगतच्या खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत विसरणाने कसे शिरते, याचे समीकरण सोडविले.

या शेवटच्या उत्तराचा अर्थ गंभीर आहे. भेगेतील पाणी निर्मळ झाले, तरी खडकात मुरलेले द्रव्य हळूहळू परत बाहेर येते. सच्छिद्र अशा मांजऱ्या खडकात ही शक्यता विशेष. म्हणून सांडपाणी आज थांबविले, तरी विहिरी उद्याच शुद्ध होतील असे मानता येत नाही.

संगणकाने आकडेमोड सुलभ केली. भेगांची मोजणी मात्र त्याने केलेली नाही. ती विहिरींच्या नोंदी, उपसा-चाचण्या व खडकांचे प्रत्यक्ष निरीक्षण यांतूनच मिळते. त्यावाचून कोणतेही प्रतिमान नीटनेटक्या अनुमानापलीकडे जात नाही.