खानदेशातील प्रवासी आणि संपर्कसाधने : तारयंत्रापासून खिशातील राउटरपर्यंत

प्रस्तावना :
खानदेशातील संदेशवहनाचा इतिहास हा तेथील मार्गांच्या इतिहासाशी निगडित आहे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले आणि त्यांतून पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे आकारास आले. जळगाव व भुसावळ मुख्य लोहमार्गावर आहेत. धुळे शहर मात्र चाळीसगावहून निघणाऱ्या शाखेच्या टोकाशी वसलेले असून त्याचे महत्त्व मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर या रस्त्यांच्या छेदनबिंदूमुळे वाढले. वाटेवर असलेल्या माणसाला संपर्क कोठे व कोणाच्या अनुमतीने मिळत असे, याचा विचार येथे केला आहे.

तार, बूथ आणि कॅफे :
१८५५ मध्ये भारतात तारसेवा जनतेसाठी खुली झाली. लोहमार्गालगत तारेचे खांब उभे राहिले. १८७० मध्ये मुंबई-कोलकाता लोहमार्ग जबलपूरमार्गे जोडला गेला, तेव्हा भुसावळ हे नागपूर व जबलपूर या दोन्ही दिशांना जाणाऱ्या गाड्यांचे जंक्शन होते. मात्र प्रवाशाला निरोप धाडण्यासाठी तारघर गाठावेच लागे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पसरलेले एसटीडी बूथ आणि २००० नंतरची सायबर कॅफे यांनी अंतर कमी केले. तरी साधन एका जागी स्थिर व प्रवासी त्याच्या शोधात, ही व्यवस्था कायम राहिली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मोठ्या शहरांतून सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तीही टेलिफोनच्या तारेवरच अवलंबून होती.

परवान्याचा प्रश्न :
बिनतारी साधन बाळगण्यावर १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याचे बंधन घातले होते. घरातील रेडिओसाठीही अनेक वर्षे टपाल कार्यालयात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. जानेवारी २००५ मध्ये केंद्र शासनाने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीची उपकरणे परवानामुक्त केली. वाय-फाय याच पट्ट्यात चालत असल्याने सामान्य माणसाला राउटर जवळ बाळगणे सुलभ झाले. म्हणून या उपकरणाच्या इतिहासात यंत्राच्या शोधाइतकेच या अधिसूचनेलाही महत्त्व द्यावे लागते.

फिरता राउटर :
२००९ मध्ये अमेरिकेत नोव्हाटेल कंपनीचा ‘मायफाय’ बाजारात आला. त्याच सुमारास भारतात डेटाकार्डे व थ्रीजी सेवा रुजू लागल्या. २०१६ मध्ये जिओच्या फोरजी सेवेबरोबर ‘जिओफाय’ हा छोटा राउटर सर्वत्र पोहोचला. सिमकार्ड व बॅटरी असलेले हे यंत्र टॉवरचा संकेत घेते आणि जवळच्या अनेक लॅपटॉप व मोबाइलांना वाय-फायद्वारे वाटून देते. रेल्वेच्या डब्यात वा एसटीच्या आसनावर बसून विद्यापीठाचा अर्ज भरणे यामुळे शक्य झाले. १५ जुलै २०१३ रोजी तारसेवा बंद झाली होती. अवघ्या तीन वर्षांत प्रवासी स्वतःच एक लहानसे संपर्ककेंद्र बनला. पुढे मोबाइलमधील हॉटस्पॉटने हेच कार्य केल्याने स्वतंत्र राउटरची गरज बरीच घटली.

मर्यादा :
फिरता राउटर संकेत निर्माण करीत नाही, तो केवळ वाटतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या चोपडा, यावल, रावेर व शिरपूर तालुक्यांतील डोंगराळ पाड्यांत टॉवरचा संकेत डोंगरामुळे अडतो, तेथे राउटर निरुपयोगी ठरतो. २०२० च्या टाळेबंदीत अध्यापन व परीक्षा ऑनलाइन झाल्या, तेव्हा नेटवर्कच्या शोधात विद्यार्थ्यांना उंचवट्यावर जावे लागले. तारघराकडे जाणारा पूर्वीचा प्रवासी आणि टेकडीवर चढणारा हा विद्यार्थी यांच्यातील साम्य नजरेआड करता येत नाही.

निष्कर्ष :
राउटरमुळे प्रवाशाची तारेपासून सुटका झाली. परंतु टॉवर उभारण्याचा निर्णय आजही लोकसंख्या, मार्ग व नफा यांवर ठरतो. एकोणिसाव्या शतकात लोहमार्गालगतची गावे संपर्कात आली आणि आडबाजूची मागे राहिली. तीच विषमता नव्या स्वरूपात टिकून आहे. शिक्षणसंस्थांनी ऑनलाइन कार्य अनिवार्य करताना विद्यार्थ्याजवळ साधन आहे का, एवढे विचारणे पुरेसे नाही. त्याच्या गावात संकेत पोहोचतो का, हेही तपासणे आवश्यक आहे.