बहुजनांचीं वृत्तपत्रें आणि त्यांचे वाचक

विद्यापीठांतून आतां वृत्तपत्रविद्या हा स्वतंत्र विषय शिकविला जातो, आणि वृत्तपत्रें व समाजपरिवर्तन यांच्या संबंधाचा विचार त्या अभ्यासक्रमांत हटकून येतो. विद्यार्थ्यांपुढें बहुधा गाजलेले अग्रलेख ठेवले जातात, आणि लेखणीच्या जोरावर समाज कसा पालटला हें त्यांवरून दाखविलें जातें. अग्रलेखांचें महत्त्व कोणी नाकारणार नाहीं. परंतु महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर या इतिहासाचें मर्म अग्रलेखाइतकेंच वर्गणीच्या वहींतही सांपडतें. पत्राला पैसा कोणीं दिला, तें कोणाच्या हातीं पडलें, आणि ज्यांच्यासाठीं तें निघालें त्यांना तें वाचतां तरी येत होतें काय, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून त्या अग्रलेखांची खरी किंमत कळत नाहीं.

मराठी वृत्तपत्रांचा आरंभच ज्ञानप्रसाराच्या व सुधारणेच्या इच्छेंतून झाला. बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' 6 जानेवारी 1832 रोजीं मुंबईंत निघालें. त्याच्या पृष्ठांवर मराठी व इंग्रजी मजकूर शेजारीं शेजारीं छापलेला असे. यावरूनच त्याचा वाचकवर्ग कोणता हें उघड होतें. 1848 पासून लोकहितवादींचीं शतपत्रें भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रांत येऊं लागलीं, आणि 1888 मध्यें आगरकरांनीं 'सुधारक' काढला. आगरकरांना तर स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणीं पाहावी लागली. या पुरुषांच्या धैर्याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. तरी त्यांचा वाद मुख्यतः घरांतल्या घरांतला होता. शिकलेल्या उच्चवर्णीयानें शिकलेल्या उच्चवर्णीयांची कानउघाडणी करावी, असें त्याचें स्वरूप होतें. ज्याला बोल झोंबावयाचे त्याच्याच हातांत पत्र पडे, आणि वर्गणी देणाराही बहुधा त्याच वर्गांतला असे.

1 जानेवारी 1877 रोजीं कृष्णराव भालेकरांनीं पुण्यास 'दीनबंधु' हें पत्र काढलें, तेव्हां मात्र प्रश्नाचें रूपच बदललें. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे विचार शेतकऱ्यांपर्यंत व कारागिरांपर्यंत पोंचवावे, हा त्या पत्राचा हेतु होता. पण ज्यांच्यासाठीं तें लिहिलें जाई त्यांतील बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. पुढें 1921 च्या खानेसुमारींतसुद्धां सबंध हिंदुस्थानांत साक्षरांचें प्रमाण शेंकडा सुमारें 7 च भरलें. मग चाळीस-पन्नास वर्षें आधीं खेड्यापाड्यांत काय स्थिति असेल हें सांगावयास नको. अशा समाजांत एकानें वाचावें आणि दहांनीं ऐकावें, हाच पत्राच्या प्रसाराचा मार्ग असतो. त्यानें विचार पोंचतो. परंतु वर्गणी मात्र दहांची येत नाहीं, एकाचीच येते.

पैशाच्या या ओढाताणींत 'दीनबंधु' पुण्यास टिकलें नाहीं. 1880 मध्यें तें मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हातीं आलें. लोखंड्यांनीं गिरणींत नोकरी केलेली होती, आणि गिरणी-कामगारांचे हाल त्यांनीं जवळून पाहिले होते. 1884 च्या सप्टेंबरांत त्यांनीं परळ येथें कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारें 5,500 कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यांतून एक दिवस सुट्टी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, पगार ठराविक तारखेच्या आंत, आणि काम करतांना जखमी झालेल्याच्या पोटापाण्याची तरतूद, अशा त्यांच्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळण्यास 1890 चा जून उजाडला. आज शहरांतील घराघरांतून रविवार हक्कानें भोगला जातो. त्यामागें या सह्या करणाऱ्यांचे श्रम आहेत हें क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें.

तथापि आपल्या लोकांचें पत्र असलें म्हणजे सर्व कांहीं छापलें जातेंच असें नाहीं. जोतीरावांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्याचीं पहिलीं दोन प्रकरणें छापून 'दीनबंधु'नें पुढील भाग थांबविला. जोतीरावांनीं त्याबद्दल आपला राग लपविला नाहीं. संपादकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. दुबळ्या भांडवलावर चाललेल्या पत्राला एक खटला किंवा एका छापखान्याचा नकारही जड जातो. निर्भयपणा हा केवळ स्वभावाचा गुण नसून त्याला पैशाचाही आधार लागतो, ही गोष्ट या प्रसंगावरून दिसते.

भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनीं या अडचणीवर वेगळा तोडगा काढला. 1910 मध्यें त्यांनीं 'दीनमित्र' साप्ताहिक सुरू केलें, आणि नेवासें तालुक्यांतील तरवडी या लहानशा खेड्यांतून तें 1967 पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, चालविलें. छापखानाच खेड्यांत असला म्हणजे खर्च आटोक्यांत राहतो, आणि शेतकऱ्याची भाषा व त्याचीं गाऱ्हाणीं संपादकाच्या दारांतच सांपडतात.

अस्पृश्य मानलेल्या समाजापुढें याहूनही मोठी भिंत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुढाकारानें 31 जानेवारी 1920 रोजीं 'मूकनायक' हें पाक्षिक निघालें. त्यासाठीं शाहू महाराजांनीं 2,500 रुपयांचें साहाय्य केलें. बाबासाहेब त्या वेळीं सरकारी महाविद्यालयांत प्राध्यापक असल्यानें संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचें नांव पुढें करण्यांत आलें. पैसे घेऊनही 'मूकनायका'ची जाहिरात छापण्यास 'केसरी'नें नकार दिला, असें बाबासाहेबांनीं पुढें स्वतःच नमूद केलें आहे. मुक्यानें बोलावयाचें ठरविलें तरी, तो बोलणार आहे एवढें कळविण्यासही दुसऱ्याच्या पत्रांत जागा नव्हती. ज्या संस्थानिकानें प्रारंभीं हात दिला तो 1922 मध्यें निवर्तला, बाबासाहेब विलायतेस होते, आणि 1923 मध्यें 'मूकनायक' बंद पडलें.

20 मार्च 1927 रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिण्याचा हक्क बजावला गेला, आणि अवघ्या दोन आठवड्यांनीं, 3 एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' सुरू झालें. महाडला काय घडलें व कां घडलें, हें आपल्या शब्दांत सांगण्याची निकड होती. पत्राचा बहुतेक मजकूर बाबासाहेब स्वतः लिहीत. तरीही पत्राच्या कर्जाची आठवण वाचकांना करून देणारा लेख त्यांनाच लिहावा लागला, आणि 1929 च्या अखेरीस हेंही पत्र थांबलें. पुढें 1930 मध्यें 'जनता' व 1956 मध्यें 'प्रबुद्ध भारत' हीं पत्रें निघालीं.

तेव्हां वृत्तपत्रांनीं समाज बदलला असें म्हणणें अर्धवट ठरेल. सुट्टी मिळाली ती हजारों सह्यांनीं, आणि तळ्याची वाट मोकळी करावयास निघालीं तीं हजारों पावलें. पत्रांनीं केलें तें इतकेंच, कीं विखुरलेल्या माणसांना आपण एकटे नाहीं हें कळविलें, आणि त्यांचें गाऱ्हाणें अधिकाऱ्यांना व सुशिक्षितांना टाळतां येणार नाहीं अशा छापील शब्दांत मांडलें. तें कामही ज्यांच्यापाशीं देण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें अशांच्या वर्गणीवर चालवावें लागलें. या पत्रांचे जुने अंक चाळणाऱ्यानें अग्रलेखाबरोबरच, थकलेली वर्गणी पाठवावी अशी वाचकांना केलेली विनंतीही वाचावी. तीं पत्रें कशाच्या बळावर उभीं होतीं, आणि कशाच्या अभावीं पडलीं, हें तीवरून स्पष्ट कळतें.