पुरे कुणी म्हणायचं?

ही एका संगणक खेळाची गोष्ट. नाव 'फ्रीलान्सर'. जाहीर झाला १९९९ साली, बाजारात आला मार्च २००३ मध्ये. एवढा उशीर का झाला, आणि हाती काय लागलं?

कल्पना होती ख्रिस रॉबर्ट्स यांची. १९९० च्या 'विंग कमांडर'मुळे अंतराळयुद्धाच्या खेळांत त्यांचं मोठं नाव झालं होतं. १९९६ मध्ये जुनी कंपनी सोडून त्यांनी टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात 'डिजिटल ॲन्व्हिल' काढली. पाठीशी मायक्रोसॉफ्टचा पैसा होता. आणि स्वप्न केवढं! हजारो खेळाडू एकाच विश्वात. एखाद्या ग्रहावर मालाची टंचाई झाली की भाव चढणार, व्यापारी जहाजं तिकडे वळणार, त्यांच्या मागावर चाचे. तुम्ही खेळा नाहीतर झोपा, बाजार चालूच.

आता बघा, ठरलेल्या मोहिमांचा खेळ एकेक मोहीम तपासत पुढे नेता येतो. जिवंत बाजाराचं तसं नसतं. एक भाव बदलला की दहा गोष्टी हलतात. त्यात कंपनीने एकाच वेळी अनेक खेळ हाती घेतले होते. रॉबर्ट्स यांनी दिग्दर्शित केलेल्या 'विंग कमांडर' चित्रपटाची अंतराळदृश्यंही तिथेच तयार झाली. तो चित्रपट १९९९ मध्ये आला आणि आपटला.

२००० साली फ्रीलान्सरची ठरलेली तारीख टळली. पैसा पुरेना. वर्षअखेरीस मायक्रोसॉफ्टने कंपनीच विकत घ्यायचं ठरवलं. रॉबर्ट्स बाहेर पडले, केवळ सल्लागार उरले. नव्या मालकाने कात्री चालवली. हजारोंचं विश्व गेलं, सर्व्हरमागे १२८ खेळाडू राहिले. बदलता बाजारही गेला. उरलं एक नेटकं कथानक आणि माउसने चालणारं जहाज. समीक्षकांनी खेळाचं कौतुक केलं, पण वचन दिलेलं जिवंत विश्व त्यांना त्यात सापडलं नाही.

मग मायक्रोसॉफ्टने स्वप्न मारलं म्हणायचं का? घाई नको. पुढचं ऐका. २०१२ मध्ये रॉबर्ट्स यांनी 'स्टार सिटिझन' जाहीर केला. या वेळी पैसा थेट खेळाडूंचा. नोव्हेंबरपर्यंत सुमारे ६२ लाख डॉलर जमले. खेळ २०१४ मध्ये देऊ म्हणाले. २०२२ मध्ये जमा रकमेने ५० कोटी डॉलरचा आकडा ओलांडला, तरी पूर्ण झालेला खेळ आलेला नव्हता. खेळायला मिळत होती ती कच्ची आवृत्ती. जमा होणाऱ्या पैशाबरोबर आश्वासनंही वाढत गेली.

माणूस तोच, स्वप्नही जवळपास तेच. फरक एवढाच, की पहिल्या वेळी 'पुरे' म्हणणारा कुणीतरी होता. त्याने बरंच गमावलं, हे आम्ही नाकारत नाही. तरी कापून का होईना, खेळ लोकांच्या हातात पडला. पुढे मायक्रोसॉफ्टचा त्यातला रस संपला, तेव्हा खेळाडूंनी आपापले सर्व्हर चालवले, नवी जहाजं, नव्या सूर्यमाला जोडल्या. अपुरा खेळ लोक पुढे नेऊ शकतात, पण त्यासाठी तो आधी त्यांना मिळावा लागतो.